अकरा वर्षांचा फाळा

वीज तोडायची नोटीस आली त्या दिवशी ग्रामपंचायतीत आम्ही तिघंच होतो. सरपंच वहिनी, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि मी. मी वसुली क्लार्क. घरफाळा, म्हणजे घरपट्टी, आणि पाणीपट्टी गोळा करायची, पावत्या फाडायच्या, मागणीची वही लिहायची, हे माझं काम. आमचं गाव कोल्हापूरला खेटून, उचगावच्या पलीकडं. निम्मं गाव शेतीवर, निम्मं एमआयडीसीतल्या फौंड्र्यांवर. करोनाची दुसरी लाट नुकतीच सुरू झाली होती. हायवेवरनं जाणाऱ्या ॲम्ब्युलन्स सुरुवातीला आम्ही मोजत होतो. पुढं मोजायचं सोडून दिलं.

वायरमन गावातलाच होता, पण आत आला नाही. नोटीस खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा ठेवला आणि दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "माझा दोष न्हाय वहिनी. वरनं आलंय." आधी रस्त्यावरचे दिवे तोडणार होते. तरीही थकबाकी भरली नाही, तर पाणीपुरवठ्याच्या मोटरचं कनेक्शन.

भाऊसाहेबांनी बँकेचं पासबुक काढलं. पैसे नव्हते असं नाही. वित्त आयोगाचा निधी खात्यावर पडून होता, पण त्यातला मोठा भाग ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा, आणि उरलेला मंजूर आराखड्याबाहेर हलवायचा नाही. त्यातून वीजबिल भरावं की नाही, याचं पत्र वरून आलेलं नव्हतं. पंचायत समितीत फोन लावला की तिकडचा साहेब म्हणे, "पत्र येऊ द्या." आमचा स्वतःचा असा पैसा म्हणजे घरफाळा आणि पाणीपट्टी. तो आदल्या वर्षापासून आटला होता. फौंड्र्या बंद पडल्या तशी भाडेकरू कामगारांनी खोल्या सोडल्या, खोल्या रिकाम्या पडल्या म्हणून घरमालकांनी हात वर केले. जे काही हातात होतं ते फवारणीत, मास्कमध्ये आणि सफाई कामगारांच्या पगारात गेलं होतं.

चार दिवसांनी दिवे गेले. दिवस मावळला की माणसं दारं लावून घेऊ लागली. गल्लीत कोण चाललंय ते दिसायचं नाही, नुसता खोकला ऐकू यायचा. मग कोणत्या घरापुढं खोकला झाला, त्याची सकाळी चर्चा.

त्याच आठवड्यात प्राथमिक शाळेत विलगीकरण कक्ष सुरू केला. दोन-दोन खोल्यांच्या घरात सात-आठ माणसं; आजारी माणसाला वेगळं ठेवायचं तरी कुठं? वहिनींनी ठरवलं आणि केलं. खाटा नव्हत्या. फाट्यावर फॅब्रिकेशनचं दुकान असलेले चाचा, चार पिढ्यांपासून गावात असलेल्या मुसलमान घरातले, वहिनींनी विचारायच्या आत म्हणाले, "माझ्याकडं गेटच्या ऑर्डरीचं अँगल पडलंय. गिऱ्हाईकच दवाखान्यात हाय. त्याच्या खाटा करतो." पाच दिवसांत त्यांनी सोळा खाटा जोडल्या. देवळाच्या आणि मशिदीच्या, दोन्ही भोंग्यांवरून सांगितलं की रोज एका गल्लीनं जेवण द्यायचं. दिलं. भाकरी, आमटी, कुणी अंडी. पण शाळेच्या भिंतीला लागून ज्यांची घरं होती, त्यांनी त्या बाजूच्या खिडक्या फळ्या ठोकून बंद करून घेतल्या. जेवणाचा डबा त्याच घरांतूनही यायचा. फाटकाशी ठेवून माणूस पळायचा.

शाळेत चौदा माणसं झाली तेव्हा मोटरची नोटीस आली. वहिनींनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडं बघितलं.

"तुझी वही काढ. ज्यांना झेपतंय, त्यास्नी फोन लाव."

मी म्हटलं, "वहिनी, असल्या दिवसांत फाळा मागायचा? लोक चपलेनं मारतील."

"भीक मागाय लागलोय व्हय आपण? पाणी त्यांचंच हाय की. सांग तसं."

मी फोन लावायला लागले. थकबाकीदारांची ती वही मला तोंडपाठ होती. कोणाच्या घरात काय शिजतं ते मला ठाऊक नसेल, पण कोणाकडं किती वर्षांचं येणं आहे ते झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पहिल्या दिवशी काहींनी शिव्या दिल्या, काहींनी उद्या येतो म्हणून सांगितलं. एका घरी बाईनं फोन उचलला. मी म्हटलं, "मालकांना द्या." ती म्हणाली, "ते सीपीआरला हाईत. आज पाचवा दिस. तुमी दवाखान्यातनं बोलताय व्हय?" चुकून लागला असं सांगून मी फोन ठेवला. अशा नावापुढं मी पेन्सिलीनं एक बारीक टिंब देऊ लागले, पुन्हा फोन जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी वही उलटी चाळली, तर एकही पान टिंबाशिवाय नव्हतं. दोन टिंबांना तोवर मी गोल केला होता. ती माणसं गेली होती.

तरीही पैसे येत होते. लोक येऊन भरत होते. बिलाचा आकडा मात्र अजून लांब होता.

वहीत एक नाव असं होतं की ज्याला कुणी फोनच करत नसे. चौथ्या गल्लीतले एक मामा. मी गावची सून, त्यामुळं त्या वयाचे सगळेच माझे मामा. हे फौंड्रीत साचे करायचे, निवृत्त झालेले. अकरा वर्षं त्यांनी फाळा भरलेला नव्हता. पैसे नव्हते म्हणून नाही. त्यांच्या दारातली गटार आम्ही बांधली नव्हती म्हणून. प्रत्येक ग्रामसभेत ते उठायचे, खिशातून कागद काढायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "गटार करा, फाळा घ्या. न्हायतर जप्ती आणा." जप्ती कोणी आणली नाही आणि गटारही कोणी केली नाही. भट्टीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळं समोरचा काय म्हणतोय याची त्यांना फारशी अडचण नसे.

वहिनी म्हणाल्या, "त्यांना सोड. ते दगड हाईत."

मला ते लागलं. सोळा वर्षं वसुली करतेय, एकही दगड मला फुटला नाही असं म्हणायचं होतं का त्यांना? जेवायच्या सुट्टीत मी फोन लावला.

"कोण?"

"ग्रामपंचायतीतनं बोलतोय मामा. क्लार्क."

"झाली व्हय गटार?"

"न्हाय झाली," मी जवळजवळ ओरडून सांगितलं. "पण शाळेत चौदा माणसं हाईत, आणि पाणी तुटाय लागलंय. वीजबिलाला पैसे न्हाईत."

मग त्यांनी विचारलं, "माझं किती हाय?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून तीनदा वदवून घेतला.

"मोबाईलवरनं मला जमत न्हाय."

"मग या की हापिसात," मी म्हटलं. "मी हाय दिवसभर."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ते आले. नाकातोंडावर पांढरा टॉवेल घट्ट बांधलेला, हातात दुधाची प्लॅस्टिक पिशवी, पिशवीत नोटा. त्यांच्या पुढं सहा माणसं होती. माझ्या टेबलापुढं चाचांनी लोखंडी चौकट करून जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा लावून दिला होता. खाली पैसे सरकवण्याएवढी फट. मामांचा नंबर आला तेव्हा ते म्हणाले, "एक पावती नको. अकरा वर्षांच्या अकरा पावत्या दे. साल घालून."

मी अकरा पावत्या लिहिल्या. अर्धा तास गेला. प्रत्येक पावतीला त्यांची शंका. हा आरोग्य कर कसला, हा दिवाबत्ती कर कसला, दिवे तर तोडलेत. मी पडद्याआडून, मास्कमधून सांगत होते आणि त्यांना ऐकू जात नव्हतं. ते कान पुढं करायचे, मी आवाज चढवायची. आदल्या तीन दिवसांच्या फोनांनी माझा घसा बसला होता. निदान मला तसं वाटत होतं. शेवटी वैतागून मी तो पडदा हातानं वर केला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि सावकाश, ओठ हलवून दाखवत सगळं समजावून सांगितलं. भट्टीवरच्या माणसांना ओठांवरनं कळतं. त्यांना कळलं. ते हसले. टॉवेलमधून फक्त डोळे दिसत होते, पण हसले ते मला कळलं.

"आवाज बसलाय तुझा," ते म्हणाले. "सुंठ घाल च्यात."

त्या दिवशीच्या पैशांनी मोटरच्या बिलाचा आकडा गाठला आणि दुपारी भाऊसाहेब चेक घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात गेले. मोटर वाचली. वहिनींनी मला आख्ख्या कार्यालयासमोर शाबासकी दिली. आख्खं कार्यालय म्हणजे भाऊसाहेब आणि शिपाई.

दोन दिवसांनी सकाळी मी ठेच्याची फोडणी टाकली आणि मला ठसकाच लागला नाही. वासही नाही. कढईवर वाकले, नाक जवळजवळ तेलात. काहीच नाही. शेजारच्या बाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "काय जाळाय लागलायसा?" तेव्हा मला कळलं. पहिला विचार माझ्या घरच्यांचा नव्हता. तो पडदा वर केलेला माझा हात माझ्या डोळ्यांपुढं आला.

तपासणीत निघालंच. घरात सासरे दम्याचे, म्हणून मी माझी पिशवी भरून आमच्याच शाळेत राहायला गेले. बायकांची खोली म्हणजे दुसरीचा वर्ग. फळ्यावर आदल्या वर्षी बाईंनी लिहिलेला सुविचार तसाच होता. मला फारसं झालं नाही. ताप, अंगदुखी, दिवसभर पडून राहणं. पडल्या पडल्या मी कान दारात ठेवून असायचे. दिवसातून दोनदा चाचांचा टेम्पो फाटकाशी यायचा. तेच आजारी माणसं आणायचे, कारण रिक्षावाले तयार नव्हते. टेम्पो थांबला की मी उठून खिडकीशी जायचे.

सहाव्या दिवशी टेम्पोतून मामा उतरले. पांढरा टॉवेल तसाच बांधलेला. चाचांनी धरायला हात पुढं केला तर तो झटकून ते एकटे चालत समोरच्या खोलीत गेले.

मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी ते व्हरांड्यात येऊन बसले. मधे शाळेचं पटांगण. त्यांनी मला ओळखलं आणि तिकडून हाक मारली, "क्लार्कबाई! नळाला पाणी येतंय न्हवं?"

"येतंय मामा."

"मग झालं तर."

मला सांगायचं होतं. पटांगण ओलांडून जाऊन सांगायचं होतं की मामा, माझ्यामुळं असेल. पण ते सांगायला ओरडावं लागलं असतं, आणि दोन्ही खोल्यांतली माणसं ऐकत होती. मी उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात आले नाहीत.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी रोज तपासायला येणाऱ्या आशा सेविका ताईंनी मामांच्या बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावून बघितलं आणि त्या बाहेर जाऊन फोन करायला लागल्या. मी खिडकीतून बघत होते. वहिनी आल्या, फाटकाबाहेर उभ्या राहून त्यांनी एकामागून एक फोन लावले. सरकारी सीपीआर, महापालिकेचं सेंटर, खासगी दवाखाने. प्रत्येक फोननंतर त्या मान हलवायच्या. ॲम्ब्युलन्स यायला चार तास लागतील असं कळलं. तेव्हा चाचांनी टेम्पोत गादी टाकली. मामा या वेळी धरू देत होते. मामी, त्यांची बायको, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, गाडीच्या मागं चालत फाट्यापर्यंत गेल्या. त्यांना गाडीत घेतलं नाही.

चाचा परत आले ते काळोख पडताना. तीन दवाखान्यांनी दारातून परत पाठवलं होतं, चौथ्यानं घेतलं. ते फाटकाशी उकिडवे बसले आणि कोणाला तरी सांगत होते, "गाडीत मला सारखं इचारत हुते, मिस्त्री, खाट किती किलोची पडली? मजबूत हाय म्हणाले. साच्याचं माणूस, दुसरं काय बोलंल?"

चौथ्या दिवशी मामा गेले. गावात आणू दिलं नाही. पंचगंगेच्या काठी स्मशानात त्या आठवड्यात शेणी, म्हणजे गोवऱ्या, कमी पडत होत्या आणि सगळ्या गावांतून ट्रॉल्या भरून शेणी पाठवत होते. आमचीही एक ट्रॉली आदल्याच दिवशी गेली होती. आमच्याच शेणींवर गेले असतील कदाचित. गावातून तिथं फक्त चाचा होते, बरेच लांब उभे.

मी बरी होऊन कामावर गेले. कोणी मला एका शब्दानं काही म्हणालं नाही. त्याचीच भीती वाटायची. मी खोलीत शिरले की बोलणं थांबतंय असं वाटायचं, कदाचित थांबतही नसेल. शेवटी मीच भाऊसाहेबांना विचारलं.

ते म्हणाले, "तुमच्याकडूनच झालं असं कशावरून? रांगेत सहा माणसं होती. घरी दूधवाला येतो. हा हिशोब लागत नसतो, ताई."

पण मला हिशोबाचीच सवय. त्या तीन दिवसांचं पावतीपुस्तक मी काढलं आणि ज्याला ज्याला पावती दिली होती, त्याला पुन्हा फोन लावले. या वेळी पैशासाठी नाही. "बरं हाय का घरात?" एवढंच विचारलं. काहींना वाटलं आणखी बाकी निघाली. तिघं जण आजारी पडून उठले होते. एकाच्या घरातली चारही माणसं. सगळी वाचली होती. मी पेन्सिल हातात घेऊन बसले होते, पण यावेळी टिंबं दिली नाहीत. वही मिटून ठेवली.

पावसाळा लागल्यावर मामी आल्या. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स, आधार कार्ड आणि घराला नाव लावायचा अर्ज. अर्ज कोणीतरी लिहून दिला होता. नाव बदलायचं तर बाकी नसावी लागते. मी रजिस्टर उघडलं. बाकी शून्य. चौथ्या गल्लीत त्या एकाच घराची बाकी तेव्हा शून्य होती.

शिपाई चहा आणायला गेला होता. भाऊसाहेब मीटिंगला. मी म्हटलं, "मामी, त्यांना मी बोलावलंतं."

त्यांनी रजिस्टरवरची नजर वर केली.

"त्या दिवशी माझ्या अंगात आजार हुता. मला माहीत नव्हतं. पण मी पडदा वर केला, मास्क काढला. त्यांना ऐकू येईना म्हणून."

"ठावं हाय मला," मामी म्हणाल्या. "घरी येऊन सांगितलंतं त्यांनी. पोरीनं तोंड दाखवून सांगितलं म्हणून समजलं, म्हणाले. लई कौतिकानं सांगितलं."

मी पेन खाली ठेवलं.

"मी म्हटलो हुतो, जाऊ नका. पुतण्याकडनं धाडा पैसे. तर म्हणाले, पावत्या नीट देतील का न्हाय, मलाच गेलं पायजे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हत्या. "मी रोज इचार करतो. तुला शिव्या द्याव्यात असं बी वाटतं. मग वाटतं, शाळंत चौदा माणसं हुती. त्यांतली दोन माझ्या भावकीतली. ती पाणी पिऊन जगली. मग मी कुणाला काय बोलू? सांग की तूच."

माफी मागावी असं मनात आलं, पण मागितली असती तर त्यांना ती द्यावी लागली असती किंवा नाही म्हणावं लागलं असतं. दोन्हीचं ओझं त्यांच्यावरच टाकल्यासारखं झालं असतं.

"लाव नाव," त्या म्हणाल्या.

मी नाव लावलं. त्यांनी सही केली, शाळा चौथीपर्यंतची, सावकाश, एकेक अक्षर सुटं. उठताना म्हणाल्या, "माझ्या घरी फोन करू नको. लागलं तर मीच येतो."

काही आठवड्यांनी वरून पत्र आलं. वित्त आयोगाच्या निधीतून वीजबिल भरता येणार होतं. भाऊसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मग खाली ठेवून दिलं. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. वहिनी उठून बाहेर गेल्या. रस्त्यावरचे दिवे त्या पैशातून पुन्हा लागले.

मी वहिनींना म्हटलं, मला वसुलीतून काढा, जन्म-मृत्यूच्या नोंदींवर टाका. त्या म्हणाल्या, "तिथं काय कमी हाय व्हय?" आणि विषय मिटला.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याच आठवड्यात तालुक्याहून वसुली मोहिमेचा आदेश. वहिनींनी वही मागितली. मी म्हटलं, वही घ्या, पण आता फोन मी करणार नाही. कार्यालयात कोणाला बोलावणारही नाही. मीच जाते घरोघर, उंबऱ्याबाहेर उभी राहते. त्यांनी मान डोलावली.

तेव्हापासून मी चालतच जाते. चौथ्या गल्लीतूनही जाते. मामींचं दार बहुतेक वेळा उघडं असतं. त्या आत भाजी निवडत असतात, मला बघतात, हाक मारत नाहीत, तोंडही फिरवत नाहीत. बाकीच्या दारांची कडी मी लगेच वाजवत नाही. आधी थोडा वेळ थांबते आणि आत कोणी खोकतंय का ते ऐकते.